मन्मथअप्पांचा एकुलता एक सिनेमा

लातूरच्या एका हौशी चित्रपट मंडळाचा गेल्या महिन्यात मला फोन आला. मन्मथअप्पांचा सिनेमा ते पुन्हा दाखवणार होते आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधी अप्पांना जवळून ओळखणाऱ्या कुणीतरी थोडं बोलावं, अशी त्यांची इच्छा होती. मी म्हटलं, बोलते, पण बोलून झालं की मी निघेन. फोनवरच्या मुलाला वाटलं, मला परतीच्या गाडीची घाई असणार. त्याने लगेच घरी सोडायची व्यवस्था करतो म्हणून सांगितलं. मग मला सरळच सांगावं लागलं, की बाबा, गाडीचा प्रश्न नाही. तो सिनेमा मी एकदा पाहिलाय आणि आता पुन्हा पाहणार नाही.

तो बिचारा गोंधळला. म्हणाला, पण मॅडम, तो तर फार चांगला सिनेमा आहे. आहेच ना. चांगला नसता तर दहा वेळा पाहिला असता.

मंडळाने मला जेवढी मिनिटं दिली आहेत तेवढ्यात अप्पा मावणार नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. ते वारले त्याला आता दुसरं वर्ष लागलं. तिथे काय बोलायचं ते बोलेन, पण सगळं एकदा इथे लिहून ठेवते.

उदगीरला आमच्या घरासमोर अप्पांचं घर, आणि घराच्या पुढच्या भागात त्यांचं भांड्यांचं दुकान. मी तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवायची, म्हणून सगळ्या गल्लीसारखे तेही मला 'बाई' म्हणत, जरी वयाने माझ्यापेक्षा चांगले मोठे होते. अंगाने भरलेले, कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा शर्ट, आणि आवाज इतका हळू की गिऱ्हाइकाला गल्ल्यावर वाकून ऐकावं लागे. भाव करणारी माणसं वाकून वाकून कंटाळत आणि ते म्हणतील त्या भावाला भांडं घेऊन जात. हा त्यांचा धंद्याचा डाव आहे असा माझ्या नवऱ्याला संशय होता. मला तसं वाटत नाही. त्यांना मोठ्याने बोलता येत नव्हतं, एवढंच.

त्यांच्याकडे भांड्यांवर नाव घालायचं एक छोटं मशीन होतं. लग्नसराईत दिवसभर त्याची किरकिर आमच्या घरापर्यंत ऐकू यायची. नाव घालायच्या आधी अप्पा विचारत, कुणाकडून, कुणाला. हे सगळेच विचारतात. अप्पांचा पुढचा एक प्रश्न असायचा: आवडीनं देऊन राहिलात, की रीत म्हणून? आवडीनं असेल तर अक्षरं मोठी, रीत म्हणून असेल तर बारीक. एकदा एक बाई जावेला द्यायचा डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, नाव चांगलं ठसठशीत घाला. अप्पांनी मान वर करून नुसतं विचारलं, खरंच? बाई हसत म्हणाल्या, बरं, मध्यम घाला.

आमच्या गावात एक नाटक मंडळ होतं. वर्षाला एक नाटक बसवायचं, गावात करायचं, जमलं तर स्पर्धेला लातूरला न्यायचं. गावात नाटकात काम करायला बाया मिळत नसत, म्हणून माझी भरती झाली होती. अप्पा तर मंडळ निघाल्यापासूनचे. पण त्यांच्या वाट्याला कायम भल्या माणसाचीच कामं. डॉक्टर, मामा, समजूतदार शेजारी. एका वर्षी माणसं कमी पडली आणि त्यांना घरमालक करावं लागलं. भाडं थकलेल्या विधवेचं गाठोडं त्यांनी दाराबाहेर भिरकावायचं होतं. विधवा मी होते. तालमीत ते गाठोडं असं अलगद आणून ठेवत की आत अंडी आहेत असं वाटावं. सगळ्यांनी सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं. प्रयोगाच्या दिवशी मात्र त्यांनी खरोखरच गाठोडं फेकलं, ते माझ्या पायावर पडलं, आणि अप्पा भर रंगमंचावर हळूच म्हणाले, "लागलं न्हाई ना बाई?" पहिल्या तीन रांगांनी ते ऐकलं. तिथून पुढे त्या नाटकातलं कुणाचंच दुःख कुणाला खरं वाटेना.

स्वतः ते सिनेमाचे भारी शौकीन, पण भित्रे. लातूरला भुताचा एक सिनेमा लागला होता तेव्हा आम्ही दोन्ही घरं मिळून गेलो होतो. अप्पांनी मध्यंतरापर्यंत डोळे मिटून घेतले होते आणि मधूनमधून बायकोला, निलाक्कांना, विचारत होते, "मेला का तो?" निलाक्का पॉपकॉर्न खात शांतपणे सांगत, न्हाई अजून. परत येताना मी त्यांना विचारलं, एवढी भीती वाटते तर तिकीट कशाला काढता. ते म्हणाले, भुताची काय भीती, भूत आलं की सिनेमावाले बाजा वाजवतात, आपल्याला आधीच कळतं. ज्याच्या पाठीमागे बाजा वाजत नाही त्या माणसाचं मला भ्या वाटतं. अशा सिनेमाला ते पुन्हा कधी गेले नाहीत. भजनाचे, देवाचे सिनेमे त्यांनी कितीतरी वेळा पाहिले, पण भीती दाखवणारा सिनेमा एकदाच.

शिवकन्या ही त्यांची एकुलती एक मुलगी, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली. घरात तिला शिवू म्हणत, पण अप्पा तिच्याशी बोलताना 'माय' म्हणत. आमच्याकडे बाप लेकीला माय म्हणतो, त्यात नवीन काही नाही. अप्पांचं मात्र एक ठरलेलं वाक्य होतं. दवाखान्यात सुई टोचायची असो, गल्लीतल्या कुत्र्यासमोरून जायचं असो, गणिताचा पेपर असो, ते तिला म्हणत, "घाबरू नको. मी हाय ना माय." आमच्या ओसरीवर बसून हे मी किती वेळा ऐकलं असेल. तिला शाळेत सोडायला निघताना ते गाडी चालू करायच्या आधी मागे वळत, तिच्या ओढणीची दोन्ही टोकं गोळा करून तिच्या मुठीत देत आणि मूठ आपल्या हाताने मिटवत. कुणाची तरी ओढणी चाकात अडकल्याचं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं, तेव्हापासून हा नेम. ती वैतागायची. अप्पा, कळतं मला, म्हणायची, आणि मूठ पुढे करायची.

लातूरच्या स्पर्धेत पुण्याहून आलेल्या एका तरुण दिग्दर्शकाने अप्पांना पाहिलं. तो दुसऱ्याच आठवड्यात दुकानात हजर. त्याला सिनेमासाठी मराठवाड्यातलाच बाप हवा होता. कधी कॅमेऱ्यासमोर न आलेला, साधा, चारचौघांसारखा. अप्पांनी हरखून होकार दिला. गल्लीत पेढे वाटले. पुढे थंडीत महिनाभर ते इस्लापूरकडे शूटिंगला जाऊन राहिले. परत आल्यावर गोष्ट काय आहे असं विचारलं की म्हणत, दिग्दर्शकानं सांगू नको म्हणलंय. बाप-लेकीची हाय, एवढंच सांगत. त्यांना गोष्ट माहीत होती. आपण करतोय ते काम आहे, एवढाच त्यांचा समज होता, आणि तो चुकीचा होता असं मी कोणत्या तोंडाने म्हणू.

सिनेमा लातूरला लागला त्या दिवशी गल्लीने दोन जीपा केल्या. निलाक्का काठापदराचं नेसून आल्या होत्या. शिवकन्या तेव्हा आठवीत. ती अप्पांच्या शेजारच्या खुर्चीत, पलीकडे निलाक्का, मग मी. पडद्यावर अप्पा आले तेव्हा आमच्या रांगेने शिट्ट्या मारल्या.

गोष्ट थोडक्यात सांगते. एका गावातली मुलगी नांदेडला शिकायला असते. ती आपल्या मनाने लग्न ठरवते. भावकीत बोलणं सुरू होतं आणि बाप तिला आणायला नांदेडला जातो. रागावत नाही. म्हणतो, मी काय म्हणत न्हाई, घरी चल. तुझ्या मनासारखं होईल. माझा आशीर्वाद हाय. तिला हॉटेलात बसवून जेवू घालतो. म्हणतो, कुणाला सोबत घेऊ नको, आधी आपण दोघं माहूरला देवीला जाऊन येऊ. मोटारसायकलवर बसताना तिच्या ओढणीची टोकं गोळा करून तिच्या मुठीत देतो आणि मूठ मिटवतो. वाटेत इस्लापूरचा धबधबा लागतो, तिथे थांबतात. खडक ओले असतात, मुलगी बिचकते. बाप हात पुढे करतो आणि म्हणतो, "घाबरू नको. मी हाय ना माय."

त्यानंतर पडद्यावर बाप एकटाच आहे. पाय धुतो, मोटारसायकलपाशी येतो, बसतो. किल्ली फिरवायच्या आधी सवयीने मागे वळतो आणि रिकाम्या सीटकडे हात नेतो. मग हात परत घेतो आणि गाडी चालू करतो. सिनेमा संपतो.

दिवे लागायच्या आधीच शिवकन्या उठली, आईच्या आणि माझ्या पायांवरून चाचपडत आली आणि माझ्या पलीकडच्या रिकाम्या खुर्चीत बसली. रडली वगैरे नाही. परतताना ती दुसऱ्या जीपमध्ये बसली. अप्पा आमच्या जीपमध्ये बसले. त्यांनीही सिनेमा सबंध असा पहिल्यांदाच पाहिला होता, आणि शेवटचाच.

दुसऱ्या दिवशी शिवकन्या शाळेला सायकलवर गेली. मैत्रिणी सायकलवर जातात, मलाही जायचंय, असं तिने सांगितलं. कुणी का म्हणून विचारलं नाही. पुढे कधी बापाच्या गाडीवर बसायची वेळ आली तर ती घरातूनच ओढणी कमरेला गाठ मारून बांधून येई. अप्पा गाडी चालू करत आणि समोर पाहत. ते वाक्यही त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही. बाकी सगळं व्यवस्थित होतं. ती त्यांना जेवायला वाढायची, मार्क सांगायची, हसायचीसुद्धा. पाहुण्याला काही कळलं नसतं. आम्हाला कळायचं आणि आम्ही गप्प बसायचो.

त्या सिनेमाची गावात वेगळीच तऱ्हा झाली. काही बायका दुकानात यायच्या बंद झाल्या. एका म्हातारीने नातीच्या लग्नाची भांडी मुद्दाम लातूरहून आणली. निलाक्कांना याचं फार लागलं, अप्पांना तितकं नाही. ते म्हणत, भ्याले म्हणजे काम बरं झालं. पण एक दिवस एक माणूस आला. बाहेरगावचा होता, चांगला कपडालत्ता, बायकोबरोबर हंडा घ्यायला आलेला. त्याने अप्पांना ओळखलं, गल्ल्यावरून त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "अप्पा, बाप असावा तर असा. आजकाल एवढी छाती कुणाला हाय?"

मी तेव्हा दुकानातच होते, कुकरची रिंग घ्यायला आलेली. अप्पांनी हात सोडवून घेतला. मशीनवर ठेवलेला त्या माणसाचा हंडा उचलून मागच्या फळीवर नेऊन ठेवला आणि नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाले, "हे विकायचं न्हाई." माणसाला ऐकू आलं नाही, तो वाकला. अप्पांनी पुन्हा तेच सांगितलं. त्याची बायको आधी बाहेर पडली. तो गेल्यावर अप्पा मला म्हणाले, बाई, जे मला भिऊन पळाले त्यांचं काही न्हाई हो. हा हात मिळवून गेला.

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला शूटिंगचं सांगितलं. दिग्दर्शकाने त्यांना आधी रागवायला लावलं होतं. लिहून दिलेली वाक्यं होती, दरडावणीची. अप्पांना ती जमेनात. चार दिवस वाया गेले. शेवटी तो म्हणाला, काका, हे सोडा. घरी मुलीशी कसं बोलता? तसंच बोला. अप्पांना सुटल्यासारखं झालं. ते घरी बोलत तसं बोलले, घरी ओढणी देत तशी दिली. दिग्दर्शकाने लिहिलेलं सगळं काढून टाकलं आणि हेच ठेवलं. शेवटी मागे वळून पाहणं तर कुणी सांगितलंही नव्हतं. सवयीने मान वळली.

"कपडे द्यावेत सिनेमाला, बाई," अप्पा म्हणाले. "घर द्यावं, गाडी द्यावी. घरातलं बोलणं द्यायचं नसतं. मी उचलून देऊन बसलो, आता परत मागू कुणाला?"

त्यानंतर दोन सिनेमांची विचारणा आली होती, त्यांनी नाही म्हटलं. नाटकात उभं राहायचंही सोडलं. मंडळ मात्र सोडलं नाही. विंगेत वही धरून बसत आणि विसरलेल्या नटाला शब्द पुरवत. त्यांचा तो आवाज त्या कामाला उत्तम होता. नटाला ऐकू यायचा आणि पहिल्या रांगेला यायचा नाही.

वर्षं गेली. शिवकन्या नांदेडला फार्मसी शिकली आणि तिथेच एका दवाखान्याच्या औषधाच्या दुकानात कामाला लागली. एका मार्चमध्ये मी भाचीकडे नांदेडला गेले होते, तर तिचा फोन आला. भेटायचंय म्हणाली. एका रसवंतीत बसलो. बरोबर एक मुलगा होता, तिच्याबरोबरच काम करणारा, सागर नावाचा. त्याने मला वाकून नमस्कार केला आणि रस सांगायच्या निमित्ताने उठून गेला. समजूतदार वाटला.

ती त्याच्याशी लग्न करणार होती. तो त्यांच्यातला नव्हता. त्याच्या घरचे तयार होते. नोंदणी कचेरीत अर्ज दिलेला होता. मी म्हटलं, मग अप्पांना सांग, ते काय खाणार आहेत का तुला. म्हटल्यावर माझं मलाच कसंतरी झालं.

"मावशी, मला माहितीय अप्पा तसे न्हाईत," ती म्हणाली. "शंभर टक्के माहितीय. पण सांगायला फोन उचलला की मला सिनेमातले अप्पा दिसतात. आणि ते रागावलेले नसतात हो. चांगलंच बोलत असतात. अप्पांनी मला नुसतं ये म्हटलं ना, तर माझे हातपाय गळतील." आणि पुढे म्हणाली, "मी त्यांना भिऊन न सांगता लग्न केलं, तर ते जगायचे न्हाईत. हेही माहितीय."

सांगायचं काम माझ्यावर आलं. ती स्वतः उदगीरला येणार नव्हती. अप्पा तिला आणायला निघाले, तर ती त्या दिवशी नांदेडातच नसेल, हेही तिने मला स्पष्ट सांगून ठेवलं.

मी परत आले आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना दुकानात गेले. अप्पा एका ताटावर नाव घालत होते. मी सगळं सांगितलं, भीतीचंही सांगितलं, काही गाळलं नाही. त्यांनी मशीन बंद केलं. मुलगा काय करतो विचारलं. घरचे कसे आहेत विचारलं. मग म्हणाले, "म्हणजे अजून भ्याते?"

मी हो म्हटलं.

त्यांनी निलाक्कांना बाहेर बोलावलं आणि ही बातमी स्वतः सांगितली. निलाक्का मटकन खाली बसल्या. लोक काय म्हणतील, भावकी काय म्हणेल, असं सगळं त्यांच्या तोंडून येऊन गेलं. अप्पांचं लक्ष नव्हतं. त्यांनी फोन हातात घेतला होता आणि नंबर लावत नव्हते.

"काय म्हणू, बाई?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, म्हणा, मी रागावलो नाही. ते म्हणाले, ते म्हणून झालंय. मी म्हटलं, मग म्हणा, घरी ये. ते म्हणाले, ते तर पहिलंच हाय. मी म्हटलं, माझा आशीर्वाद आहे म्हणा. अप्पांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा मला आठवलं. चांगल्या बापाने म्हणायचं जे जे काही होतं, ते त्या सिनेमात अप्पांच्याच तोंडी होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांना शब्द पुरवलेला माणूस समोर बसला होता आणि त्याला पुरवायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी नंबर लावला. तिने उचलला. अप्पा म्हणाले, "शिवू, तू घरी येऊ नको."

निलाक्कांनी पदर तोंडाशी धरला. मला वाटलं, झालं, संपलं. अप्पांनी मला हाताने थांबवलं आणि एकेक शब्द जुळवत बोलत राहिले. "लग्न तिथंच कर, तुझ्या माणसांत कर. तू बोलवशील तवा आम्ही येऊ, दिवसाउजेडी येऊ. मी एकटा येणार न्हाई, बाई असतील, तुझी आई असेल. तुला एकटीला कुठं चल म्हणणार न्हाई. मी लांब बसेन. तुला जवळ यावं वाटलं तर ये, न्हाई वाटलं तर नको येऊ. माझं काही म्हणणं न्हाई." तिकडून काही उत्तर आलं की नाही, मला कळलं नाही. त्यांनी फोन ठेवला आणि ताटावरचं अर्धं राहिलेलं नाव पूर्ण करायला घेतलं. बापाने आपल्याच लेकीला आपल्यापासून जपायची व्यवस्था करून द्यावी, असं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि फार वाईट वाटलं.

भावकीत बातमी गेलीच. अप्पांचे थोरले भाऊ तावातावाने आले आणि ओसरीवर उभ्यानेच म्हणाले, "सिनेमात तर लई मर्द झाला होतास." अप्पा म्हणाले, "खोटं होतं म्हणून जमलं." भाऊ चहा न घेता गेले आणि लग्नाला आले नाहीत.

लग्नाला आम्ही एका जीपमधून गेलो. अप्पा, निलाक्का, मी, माझा नवरा, नाटक मंडळातले दोघे. नोंदणी कचेरीत सह्या झाल्या, आणि जवळच्याच एका छोट्या हॉलमध्ये हार घालणं आणि जेवण होतं. अप्पा ठरवल्याप्रमाणे लांब बसले. शेवटच्या रांगेत, दाराजवळ नाही आणि तिच्या वाटेतही नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर सगळ्यांना दिसतील असे ठेवलेले. सागरचे वडील त्यांना पुढे न्यायला आले, तर हात जोडून म्हणाले, इथून चांगलं दिसून राहिलंय. अक्षता त्यांनी तिथूनच टाकल्या. त्या तिच्यापर्यंत काही पोचल्या नाहीत.

शिवकन्या दिवसभर तिकडे अधूनमधून पाहत होती. नमस्कारासाठी दोघं आले, तेव्हा अप्पांनी सागरच्या खांद्यावर हात ठेवला. तिला हात लावला नाही. मान हलवली. मला राहून राहून वाटत होतं, की आता कुणीतरी काहीतरी बोला. पण त्या दोघांचं बोलणं कधीच संपून गेलेलं होतं.

जेवणं झाली. माणसं पांगली. हॉलवाल्याकडे संध्याकाळी दुसरं कार्य होतं, म्हणून त्याची पोरं खुर्च्या एकात एक घालून उचलायला लागली. निलाक्का व्याह्यांशी बोलत होत्या. सागर हिशोबाला गेला होता. मी चपला शोधत होते. तेवढ्यात शिवकन्या रिकाम्या झालेल्या हॉलमधून चालत शेवटच्या रांगेपर्यंत आली आणि अप्पांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. मला वाटलं, आता काही म्हणेल. तिने मुंडावळ्या सोडल्या, मांडीवर ठेवल्या, आणि अप्पांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. कितीतरी रात्री तिला झोप नसणार. बघता बघता तिला गाढ झोप लागली. तोंड किंचित उघडं, हार चुरगळलेला.

अप्पा हलले नाहीत. हात गुडघ्यांवर होते तसेच राहिले. तिच्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही, खांदा हलेल म्हणून. बाहेर आमच्या जीपवाल्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला. मी बाहेर जाऊन त्याला गप्प बसायला सांगून आले. पोरं खुर्च्या उचलत उचलत त्या रांगेपर्यंत आली, तेव्हा अप्पांनी गुडघ्यावरचं एक बोट तेवढं वर केलं.

हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या भिंतीला लागल्या. त्या दोन तशाच राहू दिल्या.